वडाला जार बांधला त्या वर्षीचा ताप

आमच्या शेजारची एक सून परवा माझ्याजवळ येऊन बसली. घरी दोन म्हशी, एक गाय. दूध डेअरीला घालते. दुपार कलली की अंग तापतं, कंबर धरते, घामानं साडी पिळून काढावी लागते, आणि सकाळी उठून पाहावं तर काही नाही. घरचे म्हणतात ढोंग. "आजी, मले खरंच होते व. माह्या मनाचे खेळ नाईत ते," म्हणाली आणि रडायलाच लागली. मी तिला दवाखान्यात धाडलं, पण त्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं ते पाठ करून घेतलं: घरी ढोरं आहेत, एक गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आत तिनं वासरू टाकलं, आणि तिच्यात हात मीच घातला होता.

हे वाक्य मला कोणी वेळेवर शिकवलं असतं तर माझा अर्धा हिवाळा वाचला असता. पण खरं सांगू? मला शिकवायला कोणी आलं असतं तर मी त्याचं ऐकलं नसतं. त्या वेळची ती पोरगी, म्हणजे मीच, मी ओळखून आहे.

कौसाबाईचा हात

मी तेव्हा वीस वर्षांची. माहेर इंझोरी, सासर किन्हीराजा. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. वाशीम जिल्हा नव्हता, कागद-कचेरी सगळी अकोल्याची. मला गाईंचं बाळंतपण येत असे, बापानं शिकवलेलं. हात लहान, मनगट बारीक. आडवं आलेलं वासरू फिरवणं, अडकलेला जार सोडवणं मला जमे. कोणाच्याही गोठ्यात गाय अडली की एकच हाक, "कौसाबाईले बलवा." आणि कौसाबाई निघत! बांगड्या काढून सासूच्या हातात द्यायच्या, कोपरापर्यंत तेल चोळायचं आणि मान अशी ताठ करून चालायचं, जणू गावातलं प्रत्येक वासरू आमच्या परवानगीनंच जगात येतं.

जार म्हणजे वासरामागून पडते ती पिशवी. आमच्याकडे ती फेकत नसत. गवतात गुंडाळून, सुतळीनं बांधून गावाबाहेरच्या वडाला टांगत. वडाला दुधासारखा चीक असतो, म्हणून जार वडावर राहिला की गाईचं दूध आटत नाही, असा समज. आणि वाटेत कोणाची नजर लागू नये म्हणून तो पदराखाली झाकून न्यायचा.

त्या साली दिवाळीनंतर आमची चांदी गाय सातव्या महिन्यात गाभडली. वासरू मेलेलं. जार दोन दिवस पडेना. ज्वारी सोंगताना विळा लागून माझा अंगठा चांगला फाटला होता, तरी हात घातला. मी नाही तर कोण घालणार? गावची ढोरं राखणारा किसन ढोरकी मेलेलं वासरू उचलून नेत होता. मी जार गवतात गुंडाळायला लागले तसा तो थांबला.

"वैनी, गाभडल्या गाईचा जार बांधत नाईत वो. पुरून टाका."

"तुले काय समजते किसनभाऊ? नाई बांधला तं दूध जाईन ना तिचं."

"दूध हाय कुठं अजून?"

"म्हनूनच बांधून राह्यली मी," असं ठणकावून मी निघाले. पदराखाली तो ओला गोळा, लुगडं पोटापर्यंत भिजलेलं. वडाला बांधून घरी आले तर माझी गोदी भुकेनं रडत होती. आठ महिन्यांची. तिला मांडीवर घेतलं, त्याच पदराखाली पाजलं.

चार दिवसांनी चांदीला थोडं दूध उतरलं. मी ते पाणवठ्यावर सगळ्यांना सांगितलं. पावशेर दूध मी बोलता बोलता शेरभर केलं.

चढ-उतार

पुसात, म्हणजे पौषात, ताप सुरू झाला. सकाळी मी भाकरी थापत असे, पाणी भरत असे. दुपारी कापूस वेचताना तिसऱ्या ओळीला पाठीतून एक शिरशिरी यायची आणि मग दात वाजायचे. संध्याकाळपर्यंत घाम, असा घाम की त्याला ओल्या गवताचा वास. आठ दिवस असं चाले, मग चार दिवस काहीच नाही, आणि मी म्हणे, गेला. की परत यायचा.

तापापेक्षा वाईट होती ती चुळबूळ. पडलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कंबर म्हणे पड. वेणी घालायची, सोडायची, परत घालायची. माझी सासू, तिला आम्ही आत्याबाई म्हणत असू, ओसरीवरून बघत असे.

"सकाळी भाकर थापाले बरी, अन वेचाले गेली का ताप! असा कसा व तुहा ताप, त्याले घड्याळ समजते?"

आमच्या मालकांनी यावर काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं. आई बोलली की ते बैलांकडे बघत.

महिन्याभरात माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मग मात्र आत्याबाईंचं बोलणं बंद झालं, आणि ते बोलण्याहून वाईट होतं. संध्याकाळचा ताप, घाम, झडलेलं अंग: गावात सगळ्यांना एकच रोग माहीत होता. क्षय. कोणी तोंडानं म्हटलं नाही. एके सकाळी आत्याबाईंनी माझं ताट, माझा तांब्या वेगळा काढला आणि गोदीला माझ्या मांडीवरून उचललं.

"माह्याजवळ राहीन ते आता."

"अवो आत्याबाई, तिच्या पिण्याचं काय?"

"चांदीचं दूध हाय ना. धारेचं, गरम गरम. तुह्या वडानंच देल्लं."

भिंतीपलीकडे गोदी रडे आणि माझं दूध लुगड्यात सांडे. चौथ्या दिवशी ती रडायची थांबली. पुढच्या आठवड्यात दूधही थांबलं. याबद्दल मला याहून जास्त लिहिता येणार नाही.

छातीचा फोटो

छकड्यानं जवळचं मालेगाव, तिथून मोटरनं वाशीम, वाशीमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून आगगाडीनं अकोला. मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. मालक बाहेर टोपी हातात धरून उभे. मी मनात हिशेब करत होते की मी मेले तर गोदीला माझा चेहरा आठवेल का. आठ-दहा महिन्यांच्या लेकराला काय आठवणार? चांदी आठवेल.

फोटो स्वच्छ निघाला. मला वाटलं आता घरी धाडतील, पण तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी उलटे प्रश्न सुरू केले. घरी गाई आहेत? किती? एखादी गाभडली का?

मी मालकांच्या कानात म्हटलं, "हे मानसायचे डागदर हायेत का ढोरायचे? इचारून घ्या बरं."

डॉक्टरांनी ऐकलं. हसले नाहीत. म्हणाले, "जार कोणी काढला?"

आजारी माणसालाही गर्व असतो. मी बसल्या जागी ताठ झाले. "म्याच. आमच्या गावात दुसऱ्या कोनाले येतच नाई."

मग रक्त घेतलं. पाच-सहा दिवसांनी डॉक्टर परत आले. क्षय नाही. गाभडणाऱ्या गाईंना जो रोग असतो, तोच जारातून माझ्या फाटलेल्या अंगठ्यानं आत गेला होता. बरा होतो, पण रोज सुई आणि गोळ्या, दीड-दोन महिने, एक दिवस चुकवायचा नाही.

क्षय नाही म्हटल्यावर मालक भिंतीला टेकून खालीच बसले. मला आधी राग आला. माझ्या हाताला नाव ठेवतो हा पोरगा! तेवढ्यात डॉक्टर पुढे म्हणाले, "त्या गाईचं दूध कोणी कच्चं पीत नाही ना? उकळून प्यायला हरकत नाही. कच्च्यातून तोच रोग येतो."

माझ्या कानात फक्त गोदीच्या घुटक्यांचा आवाज उरला. सकाळ-संध्याकाळ, धारेचं, गरम गरम.

वॉर्डात

मालकांना त्याच दिवशीच्या गाडीनं परत पाठवलं, दूध उकळा एवढंच सांगायला. ते गेले, आणि माझ्या लक्षात आलं की मी हा निरोप अशा माणसाबरोबर धाडला आहे जो आईपुढे बैलांकडे बघतो.

दवाखान्याचा दिवस सारखाच असे. सकाळी ताप पाहायचा पारा तोंडात. मग सुई, आज उजवीकडे, उद्या डावीकडे. पंधरा दिवसांत बसायला जागाच राहिली नाही. नर्सबाई नागपूरकडच्या होत्या, उंच, पांढऱ्याशुभ्र साडीतल्या. सुई टोचताना त्या मला गाईंबद्दल विचारत. वासरू कोणत्या पायानं आधी येतं, असं काहीबाही. मला वाटायचं बाईंना भारीच आवड आहे. पुष्कळ दिवसांनी कळलं, माझं सगळं लक्ष वासरात असताना सुई टोचून होत असे.

मी चौथी शिकलेले. एक कार्ड लिहिलं: दूध उकळूनच द्या, डॉक्टरांनी सांगितलं आहे. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, जरा जोरात. उत्तर नाही. मी दाराशी जायचे, खाटेशी यायचे. खाटेखालच्या फरशा मोजायचे. शेजारणी म्हणत, "बाई, तुझ्या चालण्यानंच आम्हाला ताप येईल."

आणि एका सकाळी पुरुषांच्या वॉर्डात किसन ढोरकी येऊन पडला. दोन्ही गुडघे सुजलेले. मेलेली वासरं त्यानंच तर उचलली होती.

"किसनभाऊ, माही गोदी?"

"बरी हाय."

"दूध उकळतेत?"

तो गुडघे चोळायला लागला.

"सांग ना बापा!"

"मालकानं सांगतलं वो आईले. थे म्हनते, दूध उकळलं का त्याचा जीव जाते. लेकराले काय मेलेलं दूध पाजू?" मग जरा थांबून म्हणाला, "पोट्टी किरकिर करून राह्यली. दुपारी आंग कोमट लागते म्हने."

दुपारी.

पळाले

दुसऱ्या दिवशी सकाळची सुई झाली आणि मी वॉर्डातून निघाले. सकाळी मी धडधाकट असे, तेव्हा कोणी अडवलं नाही. डोक्यावर पदर, काखेत लुगड्याचं बोचकं. विचारत विचारत स्टेशन गाठलं. वाशीमची गाडी उभी होती. तिकीट नाही, वाशीमहून किन्हीराजाला कसं जायचं ठाऊक नाही, आणि बायकांच्या डब्यात शूर बाई बसल्या! वीस वर्षांच्या डोक्यात एवढंच मावतं.

गाडी सुटायला उशीर होता. ऊन चढलं. पाठीतून ती ओळखीची शिरशिरी आली. दात वाजायला लागले तशा शेजारच्या बायका सरकून बसल्या. तेवढ्यात खिडकीशी किसन; मला फाटकाबाहेर पडताना त्यानं पाहिलं होतं. काठी टेकत, घामाघूम, गुडघे भोपळ्यासारखे.

"उतरा वैनी."

"मी चालली माह्या लेकराकडं."

"अन सुई? थे काय ढोरायच्या गोठ्यातून आननार?"

"मले जाऊ दे. मी सांगीन आत्याबाईले, तोंडावर सांगीन."

"आजलोग तुमचं आयकलं काय त्याईनं कधी?"

मी बोचकं मांडीवर ओढून घेतलं.

"तुमी म्हनता दूध उकळा, थ्या म्हनतेत मी कायले आयकू सुनेचं. उद्या तुमी म्हनसान उकळू नोका, तं थ्या दिवसभर उकळतीन." आणि मग तो खिडकीच्या गजाला कपाळ टेकून कण्हत म्हणाला, "म्हातारीले दुसरं काई सांगा. दात पडले तिचे. सायीसाठी जीव देते थे."

मी उतरले. त्याला धरून मी चालत होते की मला धरून तो, ते सांगता येणार नाही. नर्सबाई फाटकाशीच उभ्या होत्या. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी फक्त माझं बोचकं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "कार्ड हवं का? माझ्याकडे आहे."

सायीचं पत्र

ते पत्र मला आजही पाठ आहे. "तीर्थरूप आत्याबाईंना साष्टांग नमस्कार. इथले मोठे डॉक्टर सांगतात की तुमच्या गुडघ्यांना दुधाची साय फार चांगली. पण कच्च्या दुधाची नव्हे. दूध चांगलं तीन उकळ्या येईपर्यंत तापवावं, जाड साय धरली की ती तुम्ही खावी. खाली राहिलेलं पाणचट दूध गोदीला दिलं तरी चालेल."

मोठे डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मी पत्र नर्सबाईंना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की हातातला पारा पडता पडता राहिला.

आठव्या दिवशी मालकांचं कार्ड आलं. त्यांच्या बोलण्यासारखंच, तीन ओळींचं. "दूध उकळते. एक भांडे जळले. साय बरी येते."

गोदीच्या अंगाबद्दल एक अक्षर नाही.

पंधरा दुपारी

चैत्रात मला घरी सोडलं. ताप तीन आठवडे आला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं: लेकराचं अंग पंधरा दिवस दुपारी पाहा, जरा जरी तापलं तर घेऊन या.

मी छकड्यातून उतरले तेव्हा गोदी अंगणात उभी होती. उभी! मी गेले तेव्हा रांगत होती. मी हात पुढे केले. तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ काढला आणि आत्याबाईंच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

मला ती अंगाला हातच लावू देईना. मग दुपार पाहायची कशी? रोज दुपारी मला सासूपुढे उभं राहावं लागे.

"आत्याबाई, पाहा ना जरा. पोटावर हात ठेवून पाहा."

"थंड हाय."

"मानेखाली?"

"थंड हाय वं! किती डाव इचारते?"

मी स्वयंपाकघरात जायचे, परत यायचे, चुलीवरचं दूध उतू जायचं. रात्री उशीखाली जाऊन बसलेली भीती दुपारी बाहेर येई. माझा ताप गेला होता, पण त्याचं घड्याळ माझ्यात राहिलं होतं. सहाव्या दिवशी मी पुन्हा विचारलं तेव्हा आत्याबाई चिडल्या नाहीत. माझं मनगट धरलं, झोपलेल्या गोदीजवळ नेलं आणि माझा तळवा तिच्या पोटावर ठेवला. थंड होतं. वरच्या हिरडीत दोन नवे दात चमकत होते. त्या महिन्यातली किरकिर, कोमटपणा, सगळं त्यांचं होतं की काय, देव जाणे.

"वाचली ना?" आत्याबाई म्हणाल्या. मग दुसरीकडे बघत, "ते उकळ्याचं तू सायीसाठी लिहिलं नव्हतं. मले समजते."

"मंग उकळलं काहून?"

"साय खरंच बरी येत होती."

पंधराव्या दुपारीही पोट थंडच होतं.

वडाखाली

ढोरांचे डॉक्टर वाशीमहून सायकलवर येत. नाकाला रुमाल लावत म्हणून मी पूर्वी त्यांची नक्कल करत असे. त्या साली गावात आणखी तीन गाई गाभडल्या, तेव्हा त्यांनी ढोरकी आणि गवळी वडाखाली जमवले. मीही गेले, आत्याबाई गोदीला घेऊन मागे बसल्या.

डॉक्टर सांगत होते आणि लोक हसत होते. एक म्हातारे गवळी म्हणाले, "ढोराचा रोग मानसाले होते म्हनता. मंग माह्या खोकल्यानं म्हशी खोकलतीन काय?"

डॉक्टरांना माझ्या दुखण्याचं कळलं होतं; त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनेनं माणसांपुढे बोलायचं नसतं. मी पदर ओढला आणि उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. जे सगळ्यात जड होतं तेच आधी बाहेर पडलं.

"चांदीचा जार म्या बांधला या वडाले. शेरभर दूध वाढलं म्हनून सांगतलं. खोटं सांगतलं. पावशेर होतं, अन त्या पावशेरापायी माही पोट्टी मरत होती."

मी वर बोट दाखवलं. सुतळ्या लोंबत होत्या, गवत फाटलेलं, जार कुठेच नव्हता. "कावळ्यानं नेला, कुत्र्यानं ओढला. ज्या चराईवर पडला तिथंच आपली ढोरं चरतेत. किसनभाऊचे गुडघे पाहा."

किसननं धोतर वर करून गुडघे दाखवले. त्यानं ते पुढची वीस वर्षं दाखवले.

"पन वडाले नाई देल्ला तं दूध तुटते," म्हातारे गवळी म्हणाले.

"वडालेच द्या ना काका. पन खाली. वड खाते पानानं का मुळानं? मुळाशी खड्डा करा, वरून चुना टाका, काटे टाका, कुत्रं उकरनार नाई. जारही वडाचा, दूधही वडाचं."

डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. शहाणा माणूस.

"बोलते भल्ली," मागून कोणीतरी म्हणालं. "अन हिच्या हाताले हिचं सोतःचं लेकरू येत नाई."

ते खरं होतं, म्हणून लागलं. डॉक्टरांनी बादली, साबण पुढे सरकवला, की जार काढल्यावर हात कसे धुवायचे ते दाखवा. मी बांगड्या काढल्या, खाली बसले आणि कोपरापर्यंत साबण लावायला लागले. बोटांच्या मधे, नखांच्या खाली, परत वर. फेस पांढरा, दाट, कोपरावरून गळत होता. सगळे बघत होते आणि मी मान वर करत नव्हते, कारण डोळे भरले होते.

मागे आत्याबाई म्हणाल्या, "अवो, धरा, धरा तिले."

दोन लहान पाय माझ्यापुढे डुलत येऊन थांबले. गोदीनं दोन्ही हात माझ्या फेसात खुपसले, माझं मनगट घट्ट धरलं आणि खिदळली.

ती माझ्यासाठी आली नव्हती, फेसासाठी आली होती. मी पुन्हा साबण लावला.